पेल्यावरचे नाव आणि नावामागचा व्यापारी

अमेरिकेत १८८० च्या दशकापासून १९१९ पर्यंत, म्हणजे देशभर दारूबंदी येईपर्यंत, व्हिस्कीचे व्यापारी गिऱ्हाइकांना एक छोटा काचेचा पेला फुकट देत. उंची साधारण सव्वादोन इंच, काच अगदी पातळ, काठाला बहुधा सोनेरी रेघ. समोरच्या बाजूला दुधी पांढऱ्या अक्षरांत व्हिस्कीच्या ब्रँडचे नाव, त्याखाली व्यापाऱ्याचे नाव आणि शेवटी गाव. आपल्याकडे दुकानदार दिवाळीला नाव छापलेले कॅलेंडर देतो, त्याच जातीची ही वस्तू. अमेरिकेतले संग्राहक आज हे पेले जुन्या बाजारांत, घरसामानाच्या लिलावांत आणि एकमेकांच्या कपाटांत शोधतात. पेला हाती आला की त्यावरच्या नावाचा शोध सुरू होतो. हा व्यापारी कोण होता, त्याची पेढी कुठे होती, तो खरोखर व्हिस्की गाळत होता की दुसऱ्याचा माल आपल्या नावाने विकत होता, आणि त्याचे पुढे काय झाले? पेल्यावरचा मजकूर यांतल्या बहुतेक प्रश्नांना अर्धेच उत्तर देतो, आणि कित्येकदा दिशाभूलही करतो.

या पेल्यांचा काळ त्यांच्या बांधणीवरूनच ओळखू येतो. जाड बुडाचा, हाताला जड लागणारा जो शॉट ग्लास आजच्या बारमध्ये दिसतो, तो दारूबंदी उठल्यानंतर, १९३० च्या दशकात रूढ झाला. त्याआधीचा जाहिरातीचा पेला साच्यात फुंकून केलेला, बूडही पातळ असलेला आणि हलका आहे. असे साधे पेले मोठ्या संख्येने करणारे कारखाने पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या भागांत होते, कारण काचभट्टीला लागणारा कोळसा आणि नैसर्गिक वायू तिथे स्वस्त मिळत असे. पेनसिल्व्हेनियातल्या रॉचेस्टर गावी १८७२ मध्ये सुरू झालेली रॉचेस्टर टंबलर कंपनी तर पेल्यांसाठीच नावाजलेली होती. कोरा पेला कारखान्यातून निघाला की बहुधा वेगळ्याच कार्यशाळेत जाई आणि तिथे त्यावर मजकूर कोरला जाई.

ही कोरणी छिन्नीची नव्हती, आम्लाची होती. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते, या एका गुणावर सगळा धंदा उभा होता. प्रत्येक पेल्यावर कारागिराने हाताने अक्षरे काढायची म्हटले, तर फुकट वाटायच्या वस्तूला परवडले नसते. म्हणून आधी धातूच्या तबकडीवर अक्षरे तशीच उंच ठेवून त्यांच्याभोवतीची जागा एकदाच कोरत. कोरलेल्या खाचांत मेण आणि डांबर यांचे आम्लाला दाद न देणारे घट्ट मिश्रण भरत, वरचे पुसून घेत, आणि तबकडीवर अगदी पातळ कागद दाबून त्या मिश्रणाचा ठसा उचलत. तो कागद पेल्याच्या अंगाला चिकटवायचा आणि पाण्याने भिजवून अलगद काढून घ्यायचा. मग मिश्रण काचेवर राही आणि अक्षरांची जागा उघडी पडे. पेल्याचा उरलेला भाग, आतली बाजूसुद्धा, मेणाने झाकून पेला आम्लात बुडवत. नुसते आम्ल काच खाताना ती गुळगुळीत, पारदर्शकच ठेवते. त्यात अमोनियाचे क्षार मिसळले की खाल्लेला पृष्ठभाग बारीक खरखरीत होतो आणि पांढरा दिसतो. जाहिरातीच्या पेल्यांवरची दुधी अक्षरे या दुसऱ्या प्रकारची असतात. शेवटी गरम पाण्याने मेण उतरवायचे आणि काठाला सोन्याचे पाणी देऊन पेला पुन्हा मंद आचेवर भाजायचा. हे आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोहोचते, आणि पातळ केलेले असेल तर चटका उशिरा जाणवतो, म्हणून तोवर इजा खोल गेलेली असते. एक सुबक पांढरे अक्षर उमटवण्यासाठी कामगार दिवसभर अशा टाक्यांपाशी उभे असत. पेला हातात घेताना ही गोष्ट आठवावी अशी आहे.

कोरणी करणाऱ्यांपैकी संग्राहकांमध्ये सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव जॉर्ज ट्रुओग याचे. मेरिलँड राज्यातल्या कंबरलँड गावी त्याने १८९३ मध्ये मेरिलँड ग्लास एचिंग वर्क्स सुरू केले आणि ते १९११ पर्यंत चालले. इतरांच्या पेल्यांवर बहुधा केवळ अक्षरे असत. ट्रुओगच्या पेल्यांवर इमारती, प्राणी, माणसे आणि वेलबुट्टी दिसते, आणि इतक्या लहानशा जागेत रेषा कुठे गिजबिजत नाहीत. काही पेल्यांवर त्याची बारीक सहीही सापडते. फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूवर सही करणारा कारागीर आपल्या कामाला काय समजत होता, हे त्यावरून कळते. कंबरलँडमधले त्याचे १९०३ सालचे विटांचे घर अजून उभे आहे आणि १९८६ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घेतले गेले.

फुकट पेला देण्याची गरज व्यापाऱ्याला का पडली, हे समजण्यासाठी त्या वेळचा धंदा पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकात व्हिस्की मुख्यतः पिंपांतून विकली जाई. गुत्तेवाला पिंप घेई, त्यातून बाटली भरून घेई आणि बाटलीतून गिऱ्हाइकाला ओतून देई. पिणाऱ्याला ब्रँड दिसतच नसे, आणि दिसला तरी पिंपात तोच माल आहे याची खात्री नसे. लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउनने १८७० मध्ये आपली व्हिस्की मोहोरबंद बाटलीतूनच विकायला सुरुवात केली तेव्हा ती नवलाई होती. स्वयंचलित यंत्राने बाटल्या होऊ लागल्या त्या विसावे शतक उजाडल्यावर. ब्रँडची ओळख हवी आहे, पण बाटली अजून सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही, अशा मधल्या काळात पिणाऱ्याच्या हातात नाव पोहोचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पेला. गुत्त्याच्या मागच्या फळीवर ठेवायच्या नक्षीदार बाटल्या, आरसे, पत्र्याची तबके, बूच काढायचे स्क्रू, काड्यापेटीची घरे असा बराच माल घाऊक व्यापारी वाटत असत. त्यांत पेला ओठांपर्यंत जाणारा.

आता पेल्यावरच्या मजकुराकडे. पुष्कळ पेल्यांवर व्यापाऱ्याच्या नावाखाली 'डिस्टिलर्स' असे लिहिलेले असते, आणि त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात भट्टी पेटवलेली नसते. अमेरिकी संघराज्याचा अबकारी कायदा दारूच्या धंद्यातल्या लोकांचे वर्ग पाडून त्यांच्याकडून वार्षिक कर घेत असे. किरकोळ विक्रेत्याला २५ डॉलर, घाऊक विक्रेत्याला १०० डॉलर आणि 'रेक्टिफायर' म्हणजे मिश्रण करणाऱ्याला, वर्षाला ५०० पिंपांहून कमी माल असेल तर १००, त्याहून जास्त असेल तर २०० डॉलर. हा रेक्टिफायर या साऱ्या कहाणीतला मुख्य माणूस. तो वेगवेगळ्या भट्ट्यांतून पिंपे विकत घेई, थोड्या जुन्या व्हिस्कीत पुष्कळसे बेचव शुद्ध अल्कोहोल मिसळे, रंगासाठी जळक्या साखरेचा पाक घाली, चवीला आलुबुखाराचा रस वगैरे टाकी आणि त्या मिश्रणाला एखादे भारदस्त नाव देई. सगळेच रेक्टिफायर लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चांगल्या पिंपांचा मेळ घालून दरवर्षी एकसारखी चव देणारे जाणकारही त्यांत होते. पण पिणाऱ्याला एक आणि दुसरा यांतला फरक समजण्याची सोय नव्हती.

या गोंधळातून तीन सरकारी टप्पे निघाले, आणि पेल्यांचे वय ठरवताना तिन्ही उपयोगी पडतात. पहिला ३ मार्च १८९७ चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा. केंटकीचा भट्टीवाला कर्नल एडमंड हेन्स टेलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांनी त्याचा पाठपुरावा केला. व्हिस्की एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, किमान चार वर्षे सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली आणि १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के अल्कोहोलची असेल, तर बाटलीवर सरकारी हिरवी पट्टी मिळू लागली. पेल्यावर हे शब्द असले तर तो १८९७ नंतरचा, एवढे तरी नक्की. दुसरा टप्पा ३० जून १९०६ चा शुद्ध अन्न व औषध कायदा. त्याच्यामागे सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वी वायली यांचा अनेक वर्षांचा लढा होता. या कायद्यान्वये हमी दिल्याचा उल्लेख पेल्यावर असेल, तर साल आणखी पुढे सरकते. तिसरा टप्पा राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी डिसेंबर १९०९ मध्ये दिलेला निर्णय. निव्वळ मुरवलेली व्हिस्की आणि मिश्रण ही वेगळी आहेत हे लेबलावर स्पष्ट लिहिलेच पाहिजे, असे त्याने ठरवले. या निर्णयाने रेक्टिफायरांची जुनी ऐट उतरली.

घरपोच टपालविक्रीचा भाग या साऱ्यात सर्वांत रंजक आहे. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ओहायोची हेनर डिस्टिलिंग कंपनी. लुइस हेनरने १८६६ मध्ये ट्रॉय या लहान गावी सुरू केलेला धंदा त्याचा पुतण्या विल्यम हेनर याने टपालाच्या जोरावर देशभर नेला. मासिकांतल्या त्याच्या जाहिराती एका ठरावीक घाटाच्या असत. सात वर्षे जुन्या राय व्हिस्कीच्या चार पूर्ण क्वार्ट बाटल्या, किंमत ३ डॉलर २० सेंट, रेल्वे पार्सलचा खर्च कंपनीचा, खोक्यावर आत काय आहे याचा मागमूस नाही. माल पसंत पडला नाही तर परत पाठवा, पैसे मिळतील. खाली 'स्थापना १८६६, भांडवल ५,००,००० डॉलर' अशी नोंद आणि कार्यालयांची नावे: डेटन, सेंट लुइस, अटलांटा, सेंट पॉल. अशा विक्रेत्यांमध्ये बाटल्यांबरोबर सोनेरी काठाचा पेला आणि बूच काढायचा स्क्रू मोफत देण्याची चढाओढ होती. आज सहज सापडणाऱ्या पेल्यांत हेनरचे पेले येतात, ते यामुळेच. लोक बाटल्या फेकून देत, पण सोनेरी काठाचा पेला घरात जपून ठेवत. हेनरच्या बाबतीत 'डिस्टिलर' ही पदवी खरी होती. ट्रॉयला त्याची नोंदणीकृत भट्टी होती. विल्यमची पत्नी मेरी जेन हिने १९१४ मध्ये ट्रॉयमध्ये बांधलेला वाडा आज गावाचे सांस्कृतिक केंद्र आहे आणि त्याला हेनर हेच नाव आहे.

खोक्यावर काही न छापण्याला कारण होते. गिऱ्हाईक पुष्कळदा अशा गावात राही, जिथे दारू विकणे गुन्हा होता. देशव्यापी दारूबंदी १९२० मध्ये आली, तरी राज्ये एकेक करून त्याआधीच कोरडी होत होती. कॅन्सस १८८१ मध्ये, जॉर्जिया १९०८ च्या आरंभी, नॉर्थ कॅरोलायना आणि मिसिसिपी १९०९ मध्ये, टेनेसी त्याच वर्षी जुलैपासून, वेस्ट व्हर्जिनिया १९१४ मध्ये, कोलोरॅडो, ऑरेगन आणि वॉशिंग्टन १९१६ च्या पहिल्या दिवशी, व्हर्जिनिया त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मात्र राज्याराज्यांतला व्यापार हा संघराज्याचा विषय होता, त्यामुळे बाहेरच्या राज्यातून आलेले पार्सल बराच काळ अडवता येत नसे. परिणामी कोरड्या राज्यांच्या सीमेवर ओल्या गावांची चांदी झाली. कॅन्ससला मिसूरीतल्या कॅन्सस सिटीचे व्यापारी पुरवठा करत. जॉर्जिया कोरडे झाल्यावर टेनेसीतले चॅटनूगा फळफळले, आणि टेनेसी कोरडे झाल्यावर तिथल्यांनाही गाशा गुंडाळावा लागला.

ही स्थलांतरे पेल्यांवर उमटली आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा जॉन कॅस्पर हा टपालविक्रीतला मोठा असामी. आपली व्हिस्की नॉर्थ कॅरोलायनाची प्रामाणिक माणसे करतात, असे तो बाटलीच्या काचेतच उठवून घेत असे. ते राज्य कोरडे झाले आणि त्याचा पत्ता व्हर्जिनियातले रोनोक झाला. जॅक डॅनियलचा भाचा लेम मॉटलो टेनेसीतून सेंट लुइसला गेला, तो याच कारणाने. म्हणून पेल्यावरची गावाची ओळ संग्राहकाला ब्रँडच्या नावापेक्षा अधिक कामाची असते. अटलांटातल्या व्यापाऱ्याचा पेला १९०७ नंतरचा असण्याची शक्यता फार कमी. एकाच व्यापाऱ्याचे दोन गावांचे पेले मिळाले, की मधल्या कायद्याची तारीख दोघांच्या मधोमध येऊन बसते. १ मार्च १९१३ चा वेब-केन्यन कायदा आणि १९१७ ची रीड दुरुस्ती यांनी मग ही पळवाटही बुजवली. दुसऱ्या कायद्याने तर कोरड्या राज्यांत दारूच्या जाहिराती टपालाने पाठवण्यावरही बंदी घातली. ज्या ओहायोत हेनरचा धंदा फोफावला, त्याच ओहायोतल्या ओबर्लिन गावी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या अँटी-सलून लीगने या कायद्यांसाठी देश पिंजून काढला होता. अखेर ओहायोही मे १९१९ मध्ये कोरडे झाले.

हे व्यापारी होते तरी कोण? सिनसिनाटी, लुईव्हिल, बाल्टिमोर, सेंट लुइस, सॅन फ्रान्सिस्को इथल्या घाऊक पेढ्यांची नावे वाचत गेले, की जर्मन, जर्मन ज्यू आणि आयरिश नावे डोळ्यांत भरतात. परक्या देशात आलेल्या, हाताशी जमीन नसलेल्या माणसाला घाऊक दारूव्यापार खुला होता. आयझॅक वुल्फ बर्नहाइमचे चरित्र त्याचा नमुना आहे. जर्मनीतल्या बाडेन प्रांतात १८४८ मध्ये जन्मलेला हा मुलगा १८६७ मध्ये खिशात चार डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरला. पेनसिल्व्हेनियात घोड्यावर माल लादून फेरीवाल्याचे काम केले, घोडा मेला तेव्हा ते संपले. मग केंटकीतल्या पडूका गावी एका दारूच्या पेढीवर तो हिशेबनीस झाला. १८७२ मध्ये भाऊ बर्नार्डबरोबर त्याने स्वतःची पेढी काढली आणि १८८८ मध्ये ती लुईव्हिलला नेली. त्यांच्या व्हिस्कीचे नाव 'आय. डब्ल्यू. हार्पर'. त्यातली आद्याक्षरे त्याची स्वतःची, आडनाव परके, पण अमेरिकी कानाला ओळखीचे. ज्यू व्यापाऱ्यांविषयी उघड द्वेष बोलला जात होता त्या काळात हा सावध निर्णय होता. या ब्रँडने १८८५ मध्ये न्यू ऑर्लिन्स, १८९३ मध्ये शिकागो, १९०० मध्ये पॅरिस आणि १९०४ मध्ये सेंट लुइस इथल्या प्रदर्शनांत सुवर्णपदके मिळवली, आणि जाहिरातीत किती पदके मोजली आहेत यावरून तिचा काळ लावता येतो. लुईव्हिलच्या दक्षिणेला बर्नहाइमने १९२९ मध्ये लोकांसाठी दिलेले विस्तीर्ण जंगल आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

बर्नहाइमसारखा मोठा माणूस शोधणे सोपे. त्याने आत्मचरित्र लिहिले, पुतळे उभारले, दाने दिली. खरा कस लागतो तो पाच-सात वर्षे चाललेल्या एखाद्या छोट्या पेढीसाठी. त्या शोधाची पहिली पायरी म्हणजे शहराची डिरेक्टरी. लुईव्हिलची कॅरनची, सिनसिनाटीची विल्यम्सची, इतर अनेक शहरांची पोल्कची, अशा या जाडजूड वह्या बहुधा दरवर्षी निघत. माणसाचे नाव, व्यवसाय, दुकानाचा पत्ता आणि घराचा पत्ता एका ओळीत. एकेक वर्षाची डिरेक्टरी ओळीने पाहत गेले की आयुष्य पुढे सरकताना दिसते. आधी दुसऱ्याच्या पेढीवर कारकून, मग फिरता विक्रेता, मग एका भागीदाराबरोबर स्वतःची पेढी, मग भागीदाराचे नाव गळालेले, मग 'अँड सन' जोडलेले. पेल्यावर भागीदारीचे जे नाव आहे, ते डिरेक्टरीत ज्या वर्षांत आढळते तेवढाच त्या पेल्याचा काळ. अनेकदा तो तीन-चार वर्षांपर्यंत आवळता येतो. ही अचूकता इतर कुठल्याही साधनाने मिळत नाही.

दुसरे साधन सॅनबर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. विमा उतरवण्यापूर्वी इमारतीला आगीचा धोका किती हे कळावे, म्हणून हे नकाशे ५० फुटांना एक इंच या मापाने काढलेले. विटांची इमारत गुलाबी, लाकडी इमारत पिवळी, आणि आत कोणता धंदा चालतो याची नोंद. दारू गाळण्याची भट्टी म्हणजे आगीचे आमंत्रण, त्यामुळे ती नकाशातून निसटत नसे. पेल्यावर 'डिस्टिलर्स' लिहिणाऱ्या पेढीच्या पत्त्यावर नकाशात नुसते दारूचे घाऊक गोदाम दिसले, आणि दुसरीकडे कुठे नोंदणीकृत भट्टीही सापडली नाही, की प्रकरण मिटते. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने यांतले असंख्य नकाशे आता सर्वांना पाहायला खुले केले आहेत.

याला जोड ट्रेडमार्कच्या नोंदींची. १९०५ च्या नव्या कायद्यानंतर जुने ब्रँड नोंदवून घेण्याची एकच झुंबड उडाली. अर्जात ते नाव कधीपासून वापरात आहे हे लिहावे लागे. ज्या पेल्यावर फक्त ब्रँडचे नाव आहे, ना व्यापारी ना गाव, त्याची उकल बहुधा इथे होते. व्यापाराची स्वतःची नियतकालिकेही होती: न्यूयॉर्कचे 'बॉनफोर्ट्स', शिकागोचे 'मिडाज क्रायटेरियन'. विल्यम मिडा याने तर दारूच्या ब्रँडांची सूचीच छापली होती, कारण एकाच नावावर चार-चार पेढ्या हक्क सांगत असत. 'ओल्ड क्रो' या नावावरून केंटकीची डब्ल्यू. ए. गेन्स कंपनी आणि सेंट लुइसची हेलमन पेढी यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. हेलमनला माल पुरवणाऱ्या भट्टीच्या खटल्यापर्यंत पोहोचत तो १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. तोवर दारूबंदीची घटनादुरुस्ती राज्यांकडे मंजुरीसाठी गेलेलीही होती.

जनगणनेच्या कागदांतून माणूस घरात भेटतो. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, देशात आल्याचे वर्ष, घर स्वतःचे की भाड्याचे, गहाण आहे का, हे सारे विचारलेले आहे. पण पेल्यांच्या संग्राहकाला ज्या दशकाची सर्वाधिक गरज, त्याचीच वही नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत आणि विझवायच्या पाण्यात खराब झाले आणि उरलेले नंतर नष्ट करण्यात आले. १८८० आणि १९०० यांच्यामध्ये आलेली, लग्न केलेली, बुडालेली माणसे त्यामुळे फक्त डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रे यांतूनच शोधावी लागतात. आगींनी दुसऱ्या प्रकारे मदतही केली आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोरचा व्यापारी भाग जळाला, एप्रिल १९०६ मध्ये भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळाले. दोन्ही शहरे घाऊक दारूव्यापाराची मोठी केंद्रे. आगीत दुकान गेलेल्या पेढ्यांचे पत्ते एका फटक्यात बदलले, त्यामुळे रस्त्याचे नाव असलेला पेला आगीपूर्वीचा की नंतरचा हे सांगता येते. सॅन फ्रान्सिस्कोत ए. पी. हॉटॅलिंग या पेढीचे जॅक्सन स्ट्रीटवरचे व्हिस्कीचे गोदाम मात्र वाचले आणि ती इमारत अजून जागेवर आहे.

अठरावी घटनादुरुस्ती १६ जानेवारी १९१९ रोजी मंजूर झाली. युद्धकाळची तात्पुरती बंदी ३० जून १९१९ पासून आणि कायमची १७ जानेवारी १९२० पासून लागू झाली. १९३३ च्या डिसेंबरमध्ये ती उठेपर्यंत चौदा वर्षे लोटली होती. औषधी व्हिस्की विकण्याचा परवाना पुढे ज्या थोड्या कंपन्यांकडे राहिला, ब्राउन-फोरमन ही त्यांतलीच एक, त्यांची दप्तरे बऱ्यापैकी टिकली. बाकीच्या पेढ्यांची वह्यापत्रे सांभाळण्याचे कुणाला कारण उरले नाही. १९२० नंतरच्या डिरेक्टऱ्यांत तीच नावे जमीनजुमल्याचे दलाल, शीतपेयांचे विक्रेते, गुंतवणूकदार म्हणून दिसतात, काही दिसतच नाहीत. आईबापांनी दारू विकली हे पुढच्या पिढीला सांगावेसेही वाटत नसे, त्यामुळे कुटुंबांच्या आठवणीतूनही हा धंदा पुसला गेला. आपल्या पणजोबाच्या नावाचा पेला प्रथम संग्राहकाकडूनच पाहणारे वंशज यामुळेच भेटतात.

संग्रह करणाऱ्याला आज पेल्यांची किंमत ठरवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. गाव किती लहान आणि राज्य किती कोरडे, चित्र आहे की नुसती अक्षरे, आणि प्रत कशी आहे. मोठ्या टपालविक्रेत्यांचे साधे पेले स्वस्तात मिळतात. पश्चिमेकडच्या एखाद्या खाणवस्तीतल्या पेढीचा, चित्र असलेला पेला त्याच्या कित्येक पटीने जातो. काठाचा एवढासा टवकाही किंमत पाडतो. सोनेरी रेघ पुसलेली असणे मात्र दोष कमी आणि पुरावा जास्त मानावा. हा पेला खरोखर कुणाच्या तरी रोजच्या वापरात होता, एवढे त्यावरून समजते.

किंमत वाढली तशी नक्कलही आली. नवा, जाड बुडाचा पेला घेऊन त्यावर वाळूच्या फवाऱ्याने जुने नाव उमटवायचे, हा नेहमीचा प्रकार. फवाऱ्याने उमटलेले अक्षर नखाला खोल आणि भरड लागते, आम्लाचे अक्षर अगदी उथळ आणि रेशमी असते. खऱ्या पेल्याच्या बुडाला घासल्याच्या बारीक रेघा असतात आणि त्या वेगवेगळ्या दिशांना धावतात. सँडपेपरने केलेल्या रेघा एकाच दिशेने जातात. जुन्या काचेतला हिरवटपणा घालवण्यासाठी मँगॅनीज वापरत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर फिकट जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगॅनीजची आवक आटली आणि काचवाले सेलेनियमकडे वळले, म्हणून मँगॅनीजची काच हा जुनेपणाचा एक आधार धरला जातो. पण निव्वळ त्यावर विसंबू नये, कारण साध्या जुन्या कोऱ्या पेल्यावर नवे नाव कोरता येते. अशा वेळी मजकूरच तपासावा. त्या नावाची पेढी त्या गावात डिरेक्टरीत आहे का, अक्षरांचे वळण त्या काळाचे आहे का, तोच मजकूर दुसऱ्या कुठल्या ज्ञात पेल्यावर आहे का?

पेला धुताना कोमट पाणी आणि मऊ कापड पुरते. भांडी धुण्याच्या यंत्रात सोने निघून जाते आणि काचेवर कायमचे धुके धरते. धुण्याआधी एक काम करावे लागते. पेला कुठल्या गावी, कुणाच्या घरसामानातून, कशाबरोबर निघाला हे लिहून ठेवायचे, उंची मोजायची आणि चारी बाजूंनी छायाचित्रे काढायची. ज्या पेल्यांवर गावाचे नाव नाही, त्यांच्याबाबत हीच नोंद पुढे निर्णायक ठरते. एकच अनोळखी ब्रँड एकाच परगण्यातल्या तीन-चार घरांतून निघाला, की कोणत्या शहराची डिरेक्टरी आधी उघडायची हे ठरते, आणि तिथल्या घाऊक दारूविक्रेत्यांच्या यादीतून एकेक नाव तपासायला सुरुवात करता येते.